विमानाचा वेग कोणता, ते आधी सांगा

फेब्रुवारी २०२० मध्ये न्यूयॉर्कहून निघालेले ब्रिटिश एअरवेजचे एक जम्बो जेट अवघ्या ४ तास ५६ मिनिटांत लंडनला उतरले. त्या वेळी किआरा नावाचे वादळ युरोपच्या दारात होते आणि अटलांटिकवरच्या वरच्या थरातला पश्चिमी वाऱ्याचा झोत नेहमीपेक्षा कितीतरी जोरात होता. त्या झोतात शिरलेल्या विमानाचा जमिनीच्या हिशेबाने वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या पुढे गेला. वर्षभर आधी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, लॉस एंजेलिसहून लंडनला जाणाऱ्या व्हर्जिन अटलांटिकच्या ड्रीमलायनरनेही जवळपास असाच आकडा गाठला होता. प्रवासी विमान ध्वनीहून वेगाने उडाले, अशा अर्थाच्या बातम्या त्यानंतर सगळीकडे फिरल्या. प्रत्यक्षात दोन्ही विमाने हवेतून आपल्या नेहमीच्या चालीनेच जात होती, ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास. त्या उंचीवर ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर असतो, आणि विमानाने तो ओलांडला की नाही हे भोवतालच्या हवेच्या हिशेबाने ठरते. इथे ती हवाच विमानाला पोटाशी घेऊन पूर्वेकडे धावत होती. छापलेला आकडा बरोबर होता. तो कशाचा आहे हे सांगायचे राहिले आणि बातमी चुकली.

उडत्या विमानाला एकाच क्षणी किमान तीन वेग असतात. कॉकपिटमधल्या वेगदर्शकावर दिसतो तो पहिला. वैमानिक त्याला इंडिकेटेड एअरस्पीड म्हणतात. या लेखापुरते आपण त्याला काट्यावरचा वेग म्हणू. भोवतालच्या हवेतून विमान प्रत्यक्षात किती भरभर पुढे सरकते आहे तो दुसरा, ट्रू एअरस्पीड, म्हणजे हवेतला खरा वेग. या खऱ्या वेगात वाऱ्याची बेरीज-वजाबाकी झाली की मिळतो तो जमिनीवरचा वेग, ग्राउंड स्पीड. मुंबईहून दिल्लीला निघालेले विमान ३५ हजार फुटांवर स्थिरावते तेव्हा काट्यावर साधारण २६५ नॉट दिसतात, हवेतला खरा वेग ४५० नॉटच्या घरात असतो आणि जमिनीवरचा वेग वाऱ्याप्रमाणे त्याहून कमी किंवा जास्त. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. तिन्ही आकडे त्याच विमानाचे, त्याच क्षणाचे आणि बिनचूक. माझे म्हणणे असे आहे की, यांपैकी कोणता हे न सांगता दिलेला विमानाचा वेग ही माहितीच नव्हे. शिवाय प्रवाशाला जो आकडा सर्वांत कमी कामाचा वाटेल, त्या काट्यावरच्या वेगाच्या भरवशावरच विमान हवेत टिकून असते. वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना हे कळायला हवेच, पण विमान अपघातांच्या बातम्या लिहिणाऱ्यांना आणि त्या वाचून मत बनवणाऱ्यांनाही ते कळायला हवे.

काट्यावरचा वेग येतो कुठून, हे पाहिले की अर्धा गोंधळ मिटतो. विमानाच्या नाकाजवळ किंवा पंखाखाली एक छोटी नळी पुढे तोंड करून बसवलेली असते. फ्रेंच अभियंता आंरी पितो याने १७३२ मध्ये सीन नदीच्या प्रवाहाचा वेग मोजण्यासाठी अशी नळी वापरली होती. तिला आजही त्याच्याच नावाने पिटो ट्यूब म्हणतात. समोरून येणारी हवा तिच्या तोंडाशी अडते आणि तिथला दाब वाढतो. विमानाच्या कुशीला, हवेचा थेट मारा बसणार नाही अशा जागी, बारीक छिद्रे असतात. ती स्टॅटिक पोर्ट. त्यांतून भोवतालच्या हवेचा स्थिर दाब मिळतो. या दोन दाबांमधला फरक पातळ पत्र्याच्या एका डबीला फुगवतो आणि ती डबी काटा फिरवते. आधुनिक विमानांत काट्याच्या जागी पडदा आला, डबीच्या जागी इलेक्ट्रॉनिक संवेदक आले, पण मोजायची गोष्ट तीच राहिली. म्हणजे हे यंत्र मुळात वेग मोजत नाही, हवेचा रेटा मोजते. धावत्या एसटीच्या खिडकीबाहेर काढलेल्या तळव्याला जाणवतो तोच हा रेटा. तो दोन गोष्टींवर ठरतो: हवेची घनता आणि वेगाचा वर्ग. त्यातली घनता किती धरायची, हे यंत्र बनवणाऱ्याने आधीच ठरवून टाकलेले असते. समुद्रसपाटी, तापमान १५ अंश सेल्सिअस, दाब १,०१३.२५ हेक्टोपास्कल आणि एका घनमीटरमध्ये १.२२५ किलो हवा. हवा नेमकी अशी असेल तेव्हा, नळीच्या जागेमुळे आणि यंत्रामुळे येणाऱ्या बारीकसारीक चुका सोडल्या, तर काट्यावरचा वेग आणि खरा वेग एकच येतात.

विमान चढू लागले की हवा विरळ होत जाते, पण यंत्राने धरलेली घनता बदलत नाही. सुमारे २२ हजार फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या निम्मी होते, ४० हजार फुटांवर ती पाव हिश्शावर येते. तेवढाच रेटा मिळवायला आता विमानाला जास्त वेगाने जावे लागते. घनता निम्मी झाली तर वेग सुमारे १.४ पट लागतो, पाव झाली तर दुप्पट. वैमानिक यासाठी एक ढोबळ आडाखा वापरतात: दर हजार फुटांमागे दोन टक्के वाढवा. दहा हजार फुटांवर काट्याचे १०० नॉट म्हणजे खरे १२० धरायचे. नेमका हिशेब ११६च्या जवळ येतो, पण डोक्यातल्या डोक्यात करायला आडाखा पुरतो. तापमान वाढले तरी हवा विरळ होते, म्हणून उन्हाळ्यात जमिनीलगतही दोन वेगांत फरक पडतो. फार वेगाने जाताना हवा नळीच्या तोंडाशी दबते, त्याची आणखी एक वेगळी दुरुस्ती असते. ती इथे सोडून देऊ.

मग काट्यावरचा वेग चुकीचा म्हणायचा का? इथेच बहुतेकांची फसगत होते. यंत्र उंचीचा हिशेब करत नाही म्हणजे ते सदोष आहे, असे वाटू लागते. पण विमान उचलून धरणारा पंखही त्याच रेट्यावर चालतो. पंखाची उचल हवेची घनता आणि वेगाचा वर्ग यांवर ठरते, अगदी पिटो ट्यूबमधल्या दाबासारखी. पंखाला आपण किती किलोमीटर कापले याच्याशी कर्तव्य नसते. आपल्यावरून जाणारी हवा किती जोर लावते आहे, एवढेच त्याला लागते. म्हणून ठरावीक वजनाचे विमान ठरावीक स्थितीत काट्याच्या जवळपास त्याच आकड्यावर स्टॉल होते, म्हणजे पंखावरून वाहणारी हवा पृष्ठभाग सोडून सुटते आणि उचल कोसळते. फ्लाइंग स्कूलमध्ये सर्रास दिसणाऱ्या सेसना १७२ च्या एका प्रचलित आवृत्तीत फ्लॅप न उघडता, पूर्ण वजनाला हा आकडा ४८ नॉट आहे. समुद्रकाठी तो ४८ आहे आणि ८ हजार फुटांवरही काट्यावर ४८च, जरी तिथे हवेतला खरा वेग ५४ नॉट झालेला असला तरी. वैमानिकाला एकच आकडा लक्षात ठेवायचा असतो आणि तो आकडा डोंगरावर, वाळवंटात, समुद्रावर त्याला सांभाळतो. उंचीचा हिशेब करून खरा वेग दाखवणारे यंत्र त्याच्यापुढे ठेवले असते, तर प्रत्येक उंचीला आणि प्रत्येक तापमानाला वेगळी धोक्याची रेषा आठवावी लागली असती.

याचा अर्थ खरा वेग दुय्यम आहे, असा मात्र नाही. किती वाजता पोहोचणार, इंधन पुरणार का, वळण किती मोठे पडणार आणि धावपट्टी किती लागणार, ही सगळी गणिते हवेतल्या खऱ्या वेगावरून किंवा त्यातून निघणाऱ्या जमिनीवरच्या वेगावरून होतात. लेहचा विमानतळ हे आपल्याकडचे याचे सर्वांत बोलके उदाहरण. तो समुद्रसपाटीपासून १०,६८२ फूट उंच आहे. तिथे उतरणारे विमान काट्यावर १३० नॉट ठेवून आले, तर मुंबईत ते साधारण १३० नॉटनेच हवा कापत असते, लेहला मात्र प्रमाण तापमानातही सुमारे १५३ नॉटने. वारा नसेल तर चाके जमिनीला टेकतात तीही याच वेगाने. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून त्याच वजनाच्या त्याच विमानाला थांबवताना ब्रेकना मुंबईपेक्षा ३८ टक्के जास्त ऊर्जा जिरवावी लागते. टायरलाही वेगाची मर्यादा असते आणि ती जमिनीवरच्या वेगाची असते. उड्डाणाच्या वेळी भरीला इंजिनाची ताकद विरळ हवेमुळे घटलेली असते. ऊन चढले की हे सगळे आणखी बिघडते. जुलै २०२४ च्या अखेरीस लेहमध्ये पारा असाच चढला आणि अनेक उड्डाणे रद्द करावी लागली, तेव्हा थंड लडाखमध्ये उष्णतेने विमाने अडतात याचे अनेकांना नवल वाटले. नवल वाटण्यासारखे त्यात काही नव्हते. काट्यावर लागणारा वेग तेवढाच होता. तो गाठायला लागणारा खरा वेग आणि त्यासाठी लागणारी धावपट्टी वाढली होती.

या दोन वेगांतला फरक परीक्षेपुरता पाठ करून भागत नाही, हे दाखवणारी जागा म्हणजे उंचावरच्या धावपट्टीकडे येण्याचा शेवटचा टप्पा. समुद्रकाठच्या मैदानावर शिकलेला, थोड्या तासांचा वैमानिक प्रथमच डोंगरातल्या पट्टीवर उतरतो आहे असे समजा. काट्यावर नेहमीचे ६५ नॉट आहेत. पण बाजूची झाडे, कुंपण, पट्टीच्या कडेचे दगड नेहमीपेक्षा भरभर मागे पळताना दिसतात, कारण जमिनीवरचा वेग खरोखरच दहा-बारा नॉटने जास्त आहे. डोळे सांगतात, फार वेगात आहोस. हात आपोआप थ्रॉटल मागे ओढतो, नाक किंचित वर जाते आणि काटा साठकडे, मग पंचावन्नकडे सरकतो. डोळ्यांना आता सगळे सवयीचे दिसू लागते, आणि नेमक्या त्याच क्षणी पंख स्टॉलच्या जवळ आलेला असतो, जमीन दीडशे फुटांवर असताना. शेवटचे वळण घेताना पाठीमागून वारा असेल तर हाच भास दुप्पट होतो. उलट चूकही होते: हवा विरळ आहे म्हणून काट्यावरच दहा-पंधरा नॉट वाढवून येणे. मग पट्टी संपते तरी विमान थांबत नाही. पहिल्या वैमानिकाने डोळ्यांवर विश्वास ठेवला, दुसऱ्याने अर्धवट ज्ञानावर. पंखासाठी काटा पाहायचा आणि पट्टीसाठी खरा वेग मोजायचा, हे दोघांच्याही अंगात मुरलेले नव्हते. प्रशिक्षणात खरा वेग काढायची गणिते भरपूर सोडवून घेतली जातात. त्या उत्तराचे पुढे काय करायचे, यावर तेवढाच वेळ दिला पाहिजे असे मला वाटते.

वरच्या बाजूलाही एक सीमा असते आणि ती काट्यावरून पुरती कळत नाही. विमान ध्वनीच्या वेगाच्या जवळ गेले की पंखावर आघातलहरी उठतात, विमान थरथरते, ताबा सुटू लागतो. ही सीमा खरा वेग आणि तिथला ध्वनीचा वेग यांच्या गुणोत्तरावर, म्हणजे माखवर ठरते. उंची वाढते तसा काट्यावरचा तोच आकडा जास्त माखचा होत जातो, आणि खालची स्टॉलची रेषा व वरची माखची रेषा एकमेकींकडे सरकतात. अमेरिकेचे यू-२ हे टेहळणी विमान ७० हजार फुटांवर उडत असे तेव्हा काट्यावर १०० नॉटच्या आसपास असायचे आणि हवेतला खरा वेग ४०० नॉटच्या घरात; दोन रेषांमधली फट काही वेळा जेमतेम १० नॉटची उरत असे. प्रवासी विमाने एवढ्या अरुंद जागेत उडत नाहीत. तरीही २१ मे २०२५ रोजी दिल्लीहून श्रीनगरला जाणारे एक प्रवासी विमान पठाणकोटजवळ गारांच्या वादळात सापडले तेव्हा वेग इतका खालीवर झाला की अतिवेगाचे आणि स्टॉलचे, असे दोन्ही टोकांचे इशारे वाजल्याचे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने सांगितले. विमान सुखरूप उतरले.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे आणि तो वजनदार आहे. काट्यावरचा वेग एवढा मोलाचा, तर तो एका नळीच्या तोंडावर का अवलंबून ठेवायचा? नळी बुजते, आणि बुजली की माणसे मरतात. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या पोर्तो प्लाता येथून उडालेले बिर्गनएअरचे बोइंग ७५७ समुद्रात कोसळले आणि त्यातले सर्व १८९ जण मरण पावले. उभ्या विमानाच्या उघड्या पिटो ट्यूबमध्ये गांधीलमाशीसारख्या किड्याने मातीचे घर केले असावे, असा तपासाचा निष्कर्ष होता. बुजलेल्या नळीत जमिनीवरचा दाब अडकून राहिला. विमान वर चढले तसा बाहेरचा दाब घटला, दोहोंतला फरक वाढत गेला आणि कॅप्टनसमोरचा वेगदर्शक वाढता वेग दाखवत राहिला. प्रत्यक्षात विमान मंदावत होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लिमाहून निघालेल्या एअरोपेरूच्या विमानाची स्टॅटिक पोर्ट धुण्याच्या वेळी चिकटपट्टीने झाकली होती, ती पट्टी काढायची राहिली आणि ७० जणांचा जीव गेला. १ जून २००९ रोजी रिओहून पॅरिसला जाणाऱ्या एअर फ्रान्सच्या एअरबस ए-३३० मध्ये पिटो ट्यूबच्या तोंडाशी बर्फाचे कण साचले. ३५ हजार फुटांवर डाव्या पडद्यावरचा वेग २७५ नॉटवरून एकदम ६० नॉटच्या आसपास घसरला आणि ऑटोपायलट सुटला. सुमारे मिनिटभरात नळ्या मोकळ्या झाल्या होत्या. तोवर विमानाचे नाक वर ओढले गेले होते, ते जवळपास ३८ हजार फुटांवर जाऊन स्टॉल झाले आणि साडेतीन मिनिटांत अटलांटिकमध्ये कोसळले. २२८ जण मरण पावले. वेग ६० नॉटच्या खाली मोजला जाऊ लागला की संगणक त्या मोजणीवर भरवसा ठेवत नसे आणि स्टॉलचा इशारा बंद पडे. नाक खाली केले की वेग पुन्हा मोजण्याजोगा होई आणि इशारा परत वाजू लागे. बरोबर कृती केली की धोक्याची घंटा वाजते, असा भयंकर पेच त्या कॉकपिटमध्ये उभा राहिला होता.

मग नळी सोडा आणि उपग्रहावरून वेग घ्या, आता तर प्रत्येकाच्या खिशात जीपीएस आहे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. जीपीएस देतो तो जमिनीवरचा वेग. हिवाळ्यात मुंबईहून कोलकात्याला जाताना मागून आणि परतताना समोरून येणारा वारा त्यात मिसळलेला असतो. पंखाला जमीन ठाऊक नसते. याचा सर्वांत कठोर पुरावा २ ऑगस्ट १९८५ रोजी डॅलसला मिळाला. उतरू पाहणारे डेल्टाचे ट्रायस्टार विमान वादळी ढगातून खाली आदळणाऱ्या हवेच्या झोतात, मायक्रोबर्स्टमध्ये, शिरले. आधी समोरून जोराचा वारा, आणि काही सेकंदांत तो पाठीमागून. एवढ्या जड विमानाचा जमिनीवरचा वेग क्षणात बदलत नाही. पंखावरून जाणारी हवा मात्र तेवढ्यात नाहीशी होते. जीपीएस तेव्हा असता तरी त्यावरचा आकडा जवळपास जागेवर राहिला असता आणि पंख पडला असता. त्या अपघातात १३० हून अधिक माणसे गेली. एअर फ्रान्सच्या विमानातही जमिनीवरचा वेग मोजणारी स्वतंत्र यंत्रणा शेवटपर्यंत चालू होती. नोंदींमधला तिचा अखेरचा आकडा १०७ नॉट आहे. आकडा बरोबर होता, पण विमान मिनिटाला १० हजार फुटांहून अधिक वेगाने खाली येत होते, हे त्यात कुठे दिसत नव्हते. तरी या आक्षेपात तथ्य आहेच. नळीवरचे अवलंबित्व कमी करायला हवे आणि ते होतही आहे. काही एअरबस विमानांत पंखाला हवा कोणत्या कोनातून लागते आहे त्यावरून वेगाची राखीव पट्टी दाखवली जाते, बोइंग ७८७ मध्ये इतर संवेदकांवरून वेगाचा पर्यायी अंदाज काढला जातो, आणि वेग बेभरवशाचा झाला की नाकाचा ठरावीक कोन व इंजिनाची ठरावीक ताकद धरून शांत राहायचे, हे वैमानिकांकडून पुन्हा पुन्हा घोकून घेतले जाते. या सगळ्यांत शोध चालतो तो पंखावरच्या हवेचाच. तिच्याऐवजी जमिनीवरचा वेग वापरा, असे कोणताही विमान बनवणारा सुचवत नाही.

दुसरा आक्षेप जास्त ऐकू येतो: हा तज्ज्ञांचा विषय आहे, वृत्तपत्राच्या वाचकाला त्याचे काय? १२ जून २०२५ नंतर हा आक्षेप टिकत नाही. अहमदाबादेत एअर इंडियाचे विमान उड्डाणानंतर काही सेकंदांतच कोसळले, विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९ असे २६० लोक मरण पावले, आणि तास-दोन तासांत विमानांचा मागोवा घेणाऱ्या संकेतस्थळांवरचे आकडे घराघरांत पोहोचले. ६२५ फूट उंची हा त्यातला सर्वांत गाजलेला. ती उंची दाबावरून काढलेली होती. विमानतळ स्वतःच समुद्रसपाटीपासून सुमारे २०० फूट उंच आहे आणि त्या दिवसाच्या हवेच्या दाबाची दुरुस्तीही त्यात नव्हती. जमिनीपासून विमान तेवढे उंच कधीच गेले नव्हते. अशा संकेतस्थळांवर दिसणारा वेग बहुधा जमिनीवरचा असतो. तो घेऊन, विमानाला पुरेसा वेग होता की नव्हता, वैमानिकांनी घाई केली की उशीर केला, अशा चर्चा रात्रभर रंगल्या. त्या विमानातल्या माणसांची कुटुंबे मुंबई-ठाण्यातही होती आणि तीही टीव्ही पाहत होती. महिन्याभराने विमान अपघात अन्वेषण विभागाचा प्राथमिक अहवाल आला, त्यात वेगाच्या आकड्यांबरोबर ते इंडिकेटेड असल्याचे लिहिले आहे: उड्डाणाच्या निर्णयाचा वेग १५३ नॉट, नोंदला गेलेला सर्वाधिक वेग १८० नॉट. अहमदाबादेत त्या दुपारी तापमान ३७ अंशांच्या आसपास होते, म्हणून १८० नॉट काट्यावर असताना हवेतला खरा वेग साधारण आठ-नऊ नॉटने जास्त असणार. फरक लहान आहे, पण उड्डाणाच्या वेळी निर्णयाच्या आणि नाक उचलण्याच्या वेगांत तिथे दोनच नॉटचे अंतर होते. जिथे दोन नॉट मोजले जातात, तिथे आठ नॉटचा घोळ खपवून घेता येणार नाही. अहवालात तो शब्द होता. अनेक बातम्यांत तो गळला आणि नुसता 'वेग' उरला.

बातमीत जागा कमी असते, वाचक घाईत असतो, तीन प्रकारचे वेग समजावत बसणे शक्य नसते, हेही मला मान्य आहे. पण समजावत बसा असे मी म्हणत नाही. क्रिकेटच्या बातमीत धावा कसोटीतल्या की टी-२० मधल्या हे आपण न विसरता लिहितो, तापमान सेल्सिअसमधले हेही लिहितो. विमानाच्या वेगापुढे एक शब्द घालायला तेवढीच जागा लागते. मागोवा घेणाऱ्या संकेतस्थळावरून आकडा उचलला असेल तर 'जमिनीवरचा वेग, प्राथमिक नोंद' असे लिहावे. तपास अहवालातला असेल तर तिथे लिहिलेला प्रकार मराठीत आणताना गाळू नये. कोणता वेग आहे हे कळतच नसेल, तर तो आकडा छापू नये. त्यावाचून बातमीचे काही अडत नाही. तपास यंत्रणांनीही प्राथमिक माहिती देताना वेगाचा आणि उंचीचा प्रकार पहिल्याच पत्रकात स्पष्ट करावा, म्हणजे अफवांना पहिल्या रात्री मिळणारी मोकळीक कमी होईल. आणि वाचकांनी, पुढच्या वेळी पडद्यावर विमानाच्या वेगाचा आकडा झळकेल तेव्हा, कोणाला दोष देण्याआधी तो वेग कोणता, एवढे विचारावे.